राजलक्ष्मीअक्कांची चार धुणी

पहिल्या दिवशी अक्कांनी मला दार आपटल्याबद्दल सगळ्या लॅबसमोर झापलं. मी खानापूरची, पीएचडीसाठी नुकतीच बेंगळुरूला आलेली. घाबरून कन्नडमध्ये माफी मागितली, तर बाई चक्क मराठीत म्हणाल्या, "काय गे पवित्रा, तुमच्या गावात दारं अशीच लावतात?" येलहंक्याच्या पुढं, एका संशोधन संस्थेत, आपल्याला कुणी मराठीत झापेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. महिनाभर मी त्यांच्यावर रुसून होते.

राजलक्ष्मीअक्कांचं घराणं इथलंच, साडेतीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून आलेलं. घर बनशंकरीला. मराठी घरातली, पण तिच्यात कन्नडमधलं इतकं 'सरी' आणि 'स्वल्प' मिसळलेलं की माझी आई फोनवर ऐकून म्हणाली, ही बाई नक्की कुठली? अक्का मला म्हणायच्या, "तुझं मराठी भांडल्यासारखं." असेल की! आमच्याकडं प्रेमानंसुद्धा तसंच बोलतात.

अक्का टेक्निशियन होत्या, आणि तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. प्रोटीनचे क्रिस्टल वाढवले. प्रोटीन म्हणजे आपल्या अंगात सगळी कामं करणारे बारीक धागे. प्रत्येक धागा आपापली घडी घालून बसतो. घडी कळली तर त्याचं काम कळतं, त्यावर औषध शोधता येतं. पण ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून प्रोटीनचा साखरेसारखा खडा करायचा, त्याच्यावर एक्स-रे सोडायचे आणि पलीकडं उमटलेल्या ठिपक्यांचा हिशेब करून घडी काढायची. खडा करणं हीच मोठी कटकट. काचेच्या चकतीवर टाचणीच्या डोक्याएवढा थेंब ठेवायचा, चकती उलटी लावायची आणि आठवडेच्या आठवडे वाट बघायची. शेजारच्या वायुदलाच्या तळावर विमानांचा सराव सुरू झाला की अक्का थेंब लावत नसत. थेंब हादरतो म्हणे. आम्ही हसायचो, पण लावायची हिंमत आमचीही नव्हती.

आमच्या लॅबचं मुख्य प्रोटीन क्षयाच्या जंतूचं. ते थेट त्या जंतूतून काढत नाहीत. आतड्यातल्या एका साध्या जंतूच्या पोटात ते बनवून घ्यायचं, मग तो जंतू फोडायचा आणि आपलं तेवढं ठेवून त्याचा सगळा कचरा पाण्यानं धुऊन टाकायचा. पुस्तकात दहा वेळा धुवा असं लिहिलेलं. दहा धुणी घातली की आमचा क्रिस्टल कधीच यायचा नाही. अक्कांनी पंधरा वर्षांपूर्वी चारच धुणी घातली आणि झकास क्रिस्टल आला. तेव्हापासून लॅबमध्ये नियमच झाला, अक्काची चार धुणी. जो पोरगा चार घालायचा त्याला क्रिस्टल मिळायचा. बाहेरगावचे लोकसुद्धा ही युक्ती विचारायला यायचे, आणि अक्का साडीचा पदर सावरून, शाळेतल्या बाईंसारखं, त्यांना शिकवायच्या.

घडी मात्र निघेना. एक्स-रेचे ठिपके सुंदर यायचे, पण त्यांचा हिशेब सुरू करायला आधी साधारण अंदाजाची घडी हातात लागते, आणि ती कुणाकडंच नव्हती. बाकीचे उपायही करून झाले. कितीतरी पोरं आली, थकली, दुसऱ्या विषयात पीएचडी करून गेली.

मग ती वेबसाइट आली. कॉम्प्युटरनं अंदाजानं काढलेल्या वीस कोटींहून जास्त प्रोटीनच्या घड्या, सगळ्यांना फुकट. मी आमच्या प्रोटीनचं नाव टाकलं तेव्हा अक्का पाठीमागं उभ्या होत्या. पडद्यावर निळी-निळी वेटोळी फिरू लागली, मधेच थोडी नारिंगी.

"हे नारिंगी काय गे?"

"जिथं मशीनला खात्री आहे तिथं निळं, अक्का. जिथं नाही तिथं नारिंगी."

"अय्यो! म्हणजे ठाऊक नाही हे स्वतःच सांगतंय? आपल्या सरांपेक्षा बरं आहे की!"

अंदाजाची घडी हातात आली, आता हिशेब सुटणारच होता. महिनाअखेरीच्या शुक्रवारी अक्का रिटायर होणार होत्या, त्याच्या आत मला त्यांना घडी दाखवायची होती. पंधरा वर्षं ज्याच्यासाठी काढली ते एकदा डोळ्यांनी बघून जाऊ दे, एवढंच माझ्या मनात. त्या रोज डबा खाताना विचारायच्या, "लागलं का गे?"

लागेना. आठ दिवस मशीनला शिव्या घातल्या. मग एक नको तो विचार आला. क्रिस्टल भलत्याच प्रोटीनचा असेल तर? त्या साध्या जंतूची स्वतःची चार हजारांवर प्रोटीनं, सगळ्यांच्या घड्या त्या वेबसाइटवर होत्या. त्या उतरवून घेतल्या आणि एकेक लावत गेले. बुधवारी सकाळी एक बसली. चपखल.

आमचा क्रिस्टल आमचा नव्हताच. त्या जंतूचं एक प्रोटीन, वजनाला आमच्याएवढंच, म्हणून तपासणीत आमच्याच्या आड लपायचं. दहा धुण्यांत वाहून जायचं, चार धुण्यांत मागं राहायचं आणि त्याचाच खडा व्हायचा. लॅबप्रमुख सरांना सांगितलं. ते म्हणाले, "शुक्रवारपर्यंत गप्प बस. बाईंना सुखानं जाऊ दे." मी गप्प बसले. आजही स्वतःचा राग येतो.

गुरुवारी मायक्रोस्कोपच्या खोलीत अक्कांनी माझं तोंड बघितलं आणि दार लावून घेतलं. "काय ते बोल."

मी सगळं सांगून टाकलं. अक्का स्टुलावर बसल्या.

"त्या दिवशी सासूबाई आस्पत्रीत होत्या," त्या म्हणाल्या. "मला लवकर निघायचं होतं, म्हणून चारच धुतलं. आणि क्रिस्टल आला! मला वाटलं, ह्याला जास्त धुतलेलं सोसत नाही. तेच पोरांना शिकवलं. किती पोरांची वर्षं गेली गे?" मग एकदम माझ्याकडं वळल्या. "तुला कधी कळलं?"

"काल."

"आणि काल माझ्या डब्यातलं चित्रान्न खाल्लंस, तोंड मिटून? लाज नाही वाटली?"

मला रडूच फुटलं. सर म्हणाले होते, असं काहीतरी पुटपुटले. "सरांचं सोड. मी तीस वर्षांत चुकीचं काही वहीत लिहिलं नाही. माझ्यापासूनच लपवायला निघालात?" थोड्या वेळानं त्यांनी नाक पुसलं, खुर्ची ओढली. "दाखव बघू, कोण आहे ते."

मी वेबसाइटवर ते प्रोटीन उघडलं. बहुतेक निळं, टोकाला एक लांब नारिंगी शेपूट, कुठंतरी लोंबणारं. खाली 'काम काय' या रकान्यात लिहिलं होतं, 'माहीत नाही'.

"माहीत नाही? कुणालाच?"

"कुणी त्याचा क्रिस्टलच केला नाही, अक्का. हा नुसता अंदाज. खरं बघितलेलं तुमचंच पहिलं." मी शेजारी आमच्या ठिपक्यांवरून निघालेली घडी लावली. त्यात शेपूट लोंबत नव्हतं. आत वळून बसलं होतं.

अक्का पडद्यावर वाकल्या. बोटानं त्या शेपटाची वाट काढत राहिल्या, इकडून तिकडं, पुन्हा इकडं. "हे आत का गेलं असेल? काहीतरी धरून बसलंय का, धातूचा एखादा कण? पाण्यात जस्त घालून बघितलं पाहिजे." मग बोट थांबलं. "पंधरा वर्षं मी ह्याला दुसऱ्याच्याच नावानं हाक मारली गे. आणि बिचारं दर वेळी आलं."

शुक्रवारी सरांनी भाषणात अक्कांच्या हाताचं कौतुक सुरू केलं, तर अक्कांनी माईकच घेतला. कन्नडमध्ये म्हणाल्या, "चार धुणी ही माझी चूक होती. क्रिस्टल आपल्या प्रोटीनचा नव्हता. ज्यांची वर्षं वाया गेली त्यांनी मला क्षमा करावी. सोमवारपासून सगळ्यांनी दहा वेळा धुवा." सर बुटांकडं बघत होते. मी एकटीच टाळ्या वाजवत सुटले, हात दुखेपर्यंत, आणि मग बाकीच्यांनीही वाजवल्या.

प्रत्यक्ष बघितलेल्या घड्यांची वेगळी जागतिक नोंद असते. तिथं आम्ही ते प्रोटीन पाठवलं. आजवरच्या आमच्या प्रत्येक लेखात अक्का शेवटच्या आभाराच्या ओळीत असायच्या. या वेळी मी सरांशी भांडले, अगदी खानापूरच्या मराठीला शोभेल असं, फक्त इंग्रजीत. नोंद मंजूर झाली त्या रविवारी बनशंकरीला गेले आणि फोन अक्कांच्या हातात दिला. वर प्रोटीनचं नाव, खाली नोंदवणाऱ्यांत पहिलं नाव, राजलक्ष्मी बाई, एम.

अक्कांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "चुकीला पण नाव लावतात होय?" म्हणाल्या. मग आतल्या खोलीतल्या नातीला हाक मारली.

भव्या आली, अडखळत वाचू लागली, पहिल्यांदा आजीचं नाव.

"तसं नको," अक्का म्हणाल्या. "आधी त्याचं नाव वाच. मग माझं."