मागच्या वर्षीचं बघून

बेलापूरच्या त्या सरकारी कचेरीत कुणाला इंग्रजीत दोन ओळी लिहायच्या असल्या की पाय आपोआप हेडक्लार्क श्यामसुंदर साटमांच्या टेबलाकडे वळायचे. कुणाच्या मुलाचा शाळाप्रवेशाचा अर्ज असो, नाहीतर कुणाच्या निरोप समारंभाचं मानपत्र. मानपत्रात तर साटम अशी काही विशेषणं पेरायचे, की तीस वर्षं फायलींवर डुलक्या काढून निवृत्त होणाऱ्या माणसालाही वाचताना भरून यायचं. साटमांना याचा अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत. नेरूळच्या घरी बायकोनं, सरोजिनीबाईंनी, भाजी कशी झालीय विचारलं, तरी उत्तर इंग्रजी विशेषणात यायचं. त्या बिचाऱ्या चांगलंच म्हणाले असतील असं धरून चालायच्या.

चौऱ्याण्णवच्या जून महिन्यात वामन शिपाई जेवणाच्या सुट्टीत दोनशे पानी वही घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिला. वामन शिरवण्याचा, तिथल्या मूळ गावातला. बापाची शेती नवं शहर वसवायला गेली, तिच्या बदल्यात त्याला ही नोकरी लागली होती. दिवसभर साहेबांच्या केबिनबाहेर स्टुलावर बसायचं आणि आतली घंटी वाजली की उठायचं. या घंटीला तो कंटाळला होता. चौतिसाव्या वर्षी पोरांबरोबर परीक्षेला बसून तो दहावी पास झाला, कारण दहावी झालेल्या शिपायांतून दर दोन वर्षांनी एकाला क्लार्क करत असत.

"सायेब, मना इंग्लिश शिकवा," तो म्हणाला. "क्लार्क व्हायचा आनि कागद वाचता नाय यायचा, असा नको."

साटम खूश झाले. शिकवायला कुणाला आवडत नाही? आणि त्यांनी सुरुवात केली ती आपल्या लाडक्या विशेषणांपासून. नामाबद्दल विशेष माहिती सांगतं ते विशेषण. इंग्रजीत ते नामाच्या आधी बसतं, नाहीतर 'इज'नंतर. आपल्याकडे चांगला, चांगली, चांगलं असं बदलत बसावं लागतं, तिकडे ती भानगड नाही.

"म्हंजे बाई असो का बुवा, गुड तो गुडच," वामन म्हणाला.

"तोच. पण एक लक्षात ठेव. शब्द आठवतो म्हणून ठोकून द्यायचा नाही. आधी माणूस बघायचा, मग विशेषण लावायचं."

हे वाक्य साटमांनी सुपारी कातरता कातरता सांगितलं. वामननं ते वहीच्या पहिल्या पानावर मराठीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

आता खरी गोष्ट सांगायची, तर ती सांगताना साटमांची मान खाली जाते आणि जायलाच हवी. दर एप्रिलात शिपायांचे गोपनीय अहवाल जायचे. छापील इंग्रजी फॉर्म, आणि शेवटच्या रकान्यात माणूस कसा आहे ते एका शब्दात. नियमानं तो शब्द साहेबांनी लिहायचा. साहेब म्हणायचे, "साटम, तुम्ही भरा, मी सही करतो." वामन वही घेऊन आला त्याच्या दोनच महिने आधी साटमांनी एका बैठकीत नऊ फॉर्म भरले होते. कृष्णात नावाचा शिपाई साटमांच्या घरी गॅसचा सिलिंडर पोचवायचा, दळण आणून द्यायचा. त्याला 'गुड'. बाकी आठांना सरसकट 'ॲव्हरेज', म्हणजे बेताचा. गुड म्हटलं की वरून विचारणा होते, वाईट म्हटलं की भांडण होतं, ॲव्हरेजला कुणी काही विचारत नाही. वामनचा फॉर्म त्या आठांत होता.

बरं, तेव्हा ओळख नव्हती म्हणावं. पण पुढच्या एप्रिलात? तोवर वामन रोज समोर बसत होता, टेबलापाशी स्टूल ओढून डबा खात होता, आईनं केलेल्या सुक्या जवळ्यातला वाटा काढून देत होता. तरी साटमांनी फॉर्म पुढे ओढला, मागच्या वर्षीचं बघितलं आणि तोच शब्द उतरवला. एकदम गुड कसं लिहिणार, उगाच कशाला लफडं? शिवाय या गाववाल्यांना गेलेल्या शेतीपोटी प्लॉट मिळतायत, यांना क्लार्कगिरीची कसली नड, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. शहाण्णवच्या एप्रिलातही तेच. त्या वर्षी फॉर्मवर सही घ्यायला वामनच गठ्ठा उचलून साहेबांकडे गेला. पाकीट सीलबंद नव्हतं, पण त्यानं आत डोकावून पाहिलं नाही.

जुलैत यादी लागली. क्लार्क झाला कृष्णात, वामनपेक्षा चार वर्षांनी नवा. क्लार्क होण्यासाठी सलग तीन वर्षं 'गुड' लागतं, हे साटमांना पहिल्यापासून ठाऊक होतं. वामनला ठाऊक नव्हतं. शेरा वाईट असेल तरच माणसाला कळवतात, आणि ॲव्हरेज हा काही वाईट शेरा नव्हे. त्यामुळे आपलं काय चुकलं हे त्याला कुणी सांगणारच नव्हतं.

साटमांना वाटलं, चिडेल, रजा टाकेल. दुसऱ्या दिवशी सुट्टीत तो वही घेऊन हजर.

"माजा इंग्लिशच कच्चा पडला सायेब. तुमी येवडी मेहनत घेतलीव, मीच कमी पडलो. परत पयल्यापासून शिकवा."

साटमांनी अर्धा डबा तसाच झाकला आणि कालचा गृहपाठ तपासायला घेतला. ओळखीच्या माणसांवर दहा वाक्यं. 'गोजरा इज अ स्ट्राँग वुमन.' गोजरा त्याची आई. 'कृष्णात इज अ लकी मॅन.' आणि सर्वांत शेवटी, 'साटम सर इज ॲन ऑनेस्ट मॅन.' प्रामाणिक माणूस. ए की ॲन यात वामन नेहमी गडबडायचा, इथं बरोबर लिहिलं होतं.

लाल पेन तसंच वर राहिलं. इतकी शरम साटमांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"चुकला काय?" वामननं विचारलं.

साटमांनी 'ऑनेस्ट'वर काट मारली.

"मंग काय लिवू?"

"ॲव्हरेज," साटम म्हणाले. "बेताचा, असा अर्थ. तुझ्या गोपनीय अहवालात मी तीन वर्षं हाच शब्द लिहिलाय, वामन. म्हणून तुझं नाव आलं नाही. इंग्रजीचा काही संबंध नाही. कृष्णातला गुड दिलं, तो माझं दळण आणतो म्हणून. तुला मागचं बघून लिहीत गेलो. चुकलो मी."

वामननं वही ओढून घेतली आणि मागच्या बाजूला केलेली विशेषणांची यादी काढली. साटमांनीच पाठ करायला दिलेली, ए पासून झेडपर्यंत. ए च्या खाली बोट ठेवून तो सावकाश खाली गेला, एबल, ॲक्टिव्ह, अँग्री, आणि पान संपेपर्यंत थांबला नाही.

"तीनशे शब्द शिकवलेव तुमी मना," तो म्हणाला. "यो येकच कसा रायला?"

ती यादी करताना त्या शब्दापाशी पेन अडखळलं होतं आणि त्यांनी तो गाळला होता, हे साटमांना पक्कं आठवत होतं.

आत साहेबांची घंटी वाजली. वामननं वही मिटली आणि तो उठला.