दाजींचा पुकारा

आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, कोर्टात पुकारा करायचे. सव्वीस वर्षं! दारात उभं राहून आरोपीचं नाव असं ठणकावायचे की निर्दोष माणसालाही घाम फुटावा. घरी त्यांनी मीठ मागितलं तर शेजारीण आणून द्यायची.

आणि साहेबांनी त्यांची बदली कुठे करावी? मुलांच्या कोर्टात! तिथे मी टायपिस्ट. पहिल्याच दिवशी मी बजावलं, "दाजी, इथे कुणाला आरोपी म्हणायचं नाही. पिंजरा नाही, बेड्या नाहीत, पोलीससुद्धा साध्या कपड्यांत येतो. मोठ्यांना शिक्षा देतात, इथे पोर मार्गाला कसं लागेल ते बघतात. आणि नाव बाहेर फुटता कामा नये. कायदाच आहे तसा."

"कोर्ट आहे की बालवाडी?" दाजी फणकारले.

त्या दिवशी चौदा वर्षांची एक मुलगी आली होती. दुकानातून घड्याळ उचललं होतं. आतल्या खोलीत आईचा हात धरून एकच म्हणत होती, "शाळेत कळलं तर मी परत शाळेत पाऊल टाकणार नाही."

न्यायाधीश मॅडमनी बेल वाजवली. झालं! जित्याची खोड. दाजी व्हरांड्यात गेले, छाती फुगवली आणि मुलीचं नाव, बापाचं नाव, आडनाव, "हाजिर होऽऽ!"

बाकावर कसल्याशा सहीसाठी एक बाई बसल्या होत्या. नेमक्या तिच्याच शाळेच्या मुख्याध्यापिका! त्यांनी मान वर केली. "ही तर आमच्या नववीतली!"

दाजी पांढरेफटक. पण पुढच्याच क्षणी त्यांनी त्याच सुरात स्वतःच्या पोरीचं नाव ठोकलं. तीही नववीतलीच. मग माझं. मग ताईचं!

"अहो, काय चाललंय हे?"

"आवाज तपासतोय, बाई. जागा नवीन आहे. पोरीचं, तिच्या मैत्रिणीचं, तोंडात येईल ते नाव घेतोय."

"मुलींची नावं अशी चव्हाट्यावर घेतात? जनाची नाही तर मनाची तरी!"

"खरं आहे, बाई."

बाई कागद सावरत तरातरा निघून गेल्या. दाजी आतल्या खोलीत गेले. मुलीने सगळं ऐकलं होतं. भिंतीकडे तोंड करून हुंदके देत होती. दाजी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"गेल्या त्या. काही कळलं नाही त्यांना. चुकलं माझं, बाळ. चल, मॅडमनी बोलावलंय."

इतकं हळू, की दारात उभं राहून मला कान द्यावा लागला. चुकलं माझं! लग्नाला बावीस वर्षं झाली, ताईने हे दोन शब्द अजून ऐकलेले नाहीत. मी तिला सांगितलं, तर म्हणते, "शक्यच नाही. दुसरं कुणीतरी असेल."