केबिनमधला चहा

माझं तोंड फटकळ आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. माहेरी सगळ्यांचंच तसं. आमच्याकडे मायासुद्धा खेकसून करतात. "गिळायला ये गं" असं आई ओरडली की समजायचं, आज आपल्या आवडीची भाजी आहे. अशा घरातली बाई रबाळ्याच्या मसाल्याच्या कारखान्यात पॅकिंग लाइनवर सुपरवायझर म्हणून आली, तर व्हायचं तेच झालं. थोड्याच दिवसांत वर तक्रार गेली. नव्या मॅडम कामाला चोख आहेत, पण बोलल्या की ठसका लागतो.

मग कंपनीने मला वाशीच्या एका हॉटेलात शिकायला पाठवलं. विषय होता, माणसांशी कसं बोलावं. चाळिशी उलटलेल्या बाईला आता बोलायला शिकवणार, म्हणून सकाळी मी मनातल्या मनात खूप हसले. पण खोटं कशाला सांगू, दुपारच्या जेवणापर्यंत मला पटायला लागलं होतं. शिकवणारे गृहस्थ म्हणाले, चूक दाखवायची तर चारचौघांत दाखवू नका. माणसाला बाजूला बोलवा, बसायला खुर्ची द्या, चहा मागवा. आधी चांगल्या कामाचं कौतुक करा, मग हळूच चूक सांगा आणि शेवटी पुन्हा दोन गोड शब्द बोला. मी सगळं मन लावून ऐकलं. आपल्यालाही असं कुणी लहानपणी बोलवून घेतलं असतं तर किती बरं झालं असतं, असंही वाटून गेलं.

पहिला प्रयोग घरी केला. नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही बाल्कनीतली झाडं किती प्रेमाने सांभाळता, मला खरंच कौतुक वाटतं. फक्त ओला टॉवेल पलंगावर टाकत जाऊ नका. बाकी तुमची साथ आहे म्हणून माझं सगळं नीट चाललंय." तो टॉवेल हातात धरून तसाच उभा राहिला. मग घाबऱ्या आवाजात म्हणाला, "काय झालंय तुला? डॉक्टरकडे गेली होतीस का?" मी हसून सोडून दिलं. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

कारखान्यात माझ्या लाइनवर एक बाई होती. सगळ्या तिला आपा म्हणायच्या, म्हणून मीही म्हणायचे. रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावातली. नवरा गेल्यावर मुलीच्या शिक्षणासाठी कामोठ्यात भाड्याने राहायला आलेली. पाकिटावर तारीख नीट उमटली आहे की नाही, हे बघायचं काम तिच्याकडे होतं. कित्येक वर्षं ती कंत्राटावरच होती आणि आता कुठे तिला कायम करायचं ठरलं होतं. पण लेखी होईपर्यंत बोलायचं नाही, अशी मला ऑफिसची ताकीद होती. नेमकं त्याच सुमाराला तिच्या हातून तारीख नसलेली पाकिटं पुढे जायला लागली. एकदा गेली, पुन्हा गेली. साहेब म्हणाले, "तिच्याशी बोला. या वेळी चुकली तर मला तिचं नाव पुढे नेता येणार नाही."

म्हणजे आता सगळं माझ्या जिभेवर आलं. मी ठरवलं, शिकलेय तसंच करायचं, ओरडायचं नाही. आपाला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची पुढे केली, चहा मागवला. म्हटलं, "आपा, इतकी वर्षं तुम्ही फार मनापासून काम केलंत. सगळ्या तुमच्याकडे बघून शिकतात."

ती खुर्चीच्या कडेवर टेकली होती. माझं कौतुक ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं, भारावली असेल. मी तारखेचा विषय काढणार, तेवढ्यात ती उठली. चहाला हातही लावला नव्हता. डोक्यावरची कारखान्याची टोपी काढून तिने नीट घडी केली आणि टेबलावर ठेवली. "बरं मॅडम. माफी असावी," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. तिला बरं वाटत नसेल, घरी गेली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्यानंतरही नाही. फोन केला तर उचलेना. आठवडाभर न सांगता गैरहजर राहिलं की कंत्राटदार नाव कमी करतो, मग कायम होण्याचा प्रश्नच उरत नाही. इकडे माझी लाइन एकदम गप्प झाली होती. एरवी मशीनच्या आवाजावर आवाज चढवून घरच्या गप्पा मारणाऱ्या बायका मी जवळ गेले की माना खाली घालायच्या. मी एकीला सहज म्हटलं, "आज तुझा हात काय छान चाललाय," तर ती रडकुंडीला आली.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत एकीचा संयम सुटला. ती मूळची मराठवाड्यातली, बोलायला माझ्याच पंथातली. डबा बाजूला सारून म्हणाली, "मॅडम, आपाला काढलं ना तुम्ही? तोंडावर तरी सांगायचं होतं. लई वर्सं राबली ती इथं."

"मी काढलं? कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पायजे? केबिनात नेलं, खुर्ची दिली, चा दिला, कौतुक केलं. आता उरलं काय?"

मग तिच्याकडूनच मला सगळा उलगडा झाला. माझ्या आधी इथे एक साहेब होते. कंत्राटावरच्या बाईला कामावरून कमी करायचं असलं की ते तिला असंच आत बोलवायचे. एरवी दिवसभर उभ्या असणाऱ्या बाईला तेव्हा खुर्ची मिळायची, चहा मिळायचा, तोंड भरून स्तुती व्हायची. दुसऱ्या दिवसापासून ती बाई गेटच्या बाहेर. त्यामुळे या बायकांच्या लेखी केबिनमधला चहा म्हणजे निरोप. मी नवी, मला काय ठाऊक! वाशीच्या हॉटेलातही कुणी मला सांगितलं नव्हतं की, गोड बोलण्याआधी त्या जागी पूर्वी कोण गोड बोलून गेलंय ते विचारून घ्यावं.

मला राग आला, त्या आधीच्या साहेबांचा आला, माझा आला, आणि काही न विचारता निघून गेलेल्या आपाचाही आला. पण त्याहून जास्त धास्ती वाटली. त्या बाईचं वर्षानुवर्षांचं काम माझ्या गोड बोलण्यापायी वाया जाणार होतं.

रविवारी पत्ता शोधत मी कामोठ्याला गेले. मी राहते खांदेश्वरला, म्हणजे तसं जवळच. वाटेत सगळी वाक्यं पाठ केली होती. दार आपानेच उघडलं. मला बघून ती दचकली, पण लगेच सावरली. बसायला दिलं. मुलीने कोकम सरबत आणून ठेवलं. मी तोंड उघडायच्या आतच आपा म्हणाली, "तुमी लय चांगल्या हाव मॅडम. तुमच्यावर माजा काय राग नाय. सुखी राहा."

आता निरोप मला मिळत होता! तितक्यात तिचा फोन वाजला. तिने तो हात लांबवून धरला, डोळे बारीक केले, आणखी लांब नेला. मग मुलीकडे दिला. "कोन हाय बग गं."

माझी पाठ केलेली सगळी वाक्यं तिथल्या तिथे पळाली. "आपा!" मी माझ्या नेहमीच्या पट्टीत ओरडले. "डोळ्यांना दिसत नाही तुम्हाला! आणि सांगत का नाही? मी तुम्हाला काढायला बोलवलं नव्हतं. तारखा सुटताहेत एवढंच सांगायचं होतं. तुम्हाला कायम करताहेत, कळतंय का? आणि तुम्ही टोपी काढून चालू पडलात!"

ऑफिसची ताकीद मोडली हे बोलून झाल्यावर लक्षात आलं. मोडली तर मोडली. मुलगी फोन हातात धरून आमच्या दोघींकडे बघत राहिली. आपा खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. रडता रडताच म्हणाली, "चष्मा लागला का चेकिंगवरनं काडतात. समद्या बोलतात."

"कुठल्या समद्या? आणि माझ्या नाकावर काय आहे हे?"

तिने माझ्या चष्म्याकडे असं पाहिलं की जणू तो आजच पहिल्यांदा दिसतोय. मग तिला हसू फुटलं, मलाही. मी उठून तिच्याजवळ जमिनीवर बसले. मग मी काहीच बोलले नाही, ती बोलत राहिली. किती दिवसांपासून तारखा पुसट दिसताहेत, शेजारणीला विचारायची कशी लाज वाटते, घरी येऊन रोज कशी धडधड होते, सगळं. माझ्यासारखीला गप्प बसणं किती जड जातं ते माझं मलाच माहीत. पण त्या दिवशी जमलं, आणि बरंही वाटलं. संध्याकाळी दोघींनी चष्म्याच्या दुकानात जायचं ठरलं.

निघताना मी विचारलं, "मग उद्या येताय ना?"

तिने पदराने डोळे पुसले. माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "मॅडम, खरं सांगा. तुमाला कंपनीनी धाडलंय, का तुमच्या मनानं आल्या?"

"कंपनीला पत्ताही नाही मी इथे आलेय ते. नवऱ्याला सांगून आलेय, आपाकडे जाते म्हणून."

ती उठली. माझ्या पुढ्यातला सरबताचा पेला उचलून तिने मुलीच्या हातात दिला.

"मग नुसत्या सरबतावर कुटं चालल्या? आमच्यात जेवून जा. आन उद्या सकालची वाट बगा माजी, संगतीच निगू कामावर."