सांबाराची अब्रू

मंडळी, आज आईच्या रागाने बाबांचा जीव वाचवला!

दुपारी जेवल्यावर बाबांच्या छातीत जळजळायला लागलं, दरदरून घाम फुटला. तंजावरातल्याच एका इस्पितळात नेलं. ईसीजी नॉर्मल आला. बाबा डॉक्टरांना म्हणाले, "हिच्या सांबाराने गॅस झालाय." डॉक्टर गॅसची गोळी लिहायला लागले.

आई उसळलीच. "अय्यो डॉक्टर! आमच्या घरी पिढ्यान्पिढ्या हेच सांबार शिजतंय. आजवर कुणाला काही झालं नाही. परत तपासा!"

तिला गप्प करायला म्हणून थोड्या वेळाने त्यांनी दुसरा ईसीजी काढला. हार्ट अटॅक!

लगेच उपचार झाले, बाबा आता ठीक आहेत. आई भेटेल त्या नर्सला सांगत सुटलीय, "सांबार नव्हतं हं ते!"

तुमच्या घरी आहे ना असं भांडणारं कुणी?