करपलेल्या भांड्यांचे मामा

माझ्या बायकोचे मामा करपलेल्या भांड्याला जेवढा मान देतात, तेवढा अख्ख्या वसईत कुणी जावयालाही देत नसेल. मी दोन्ही आहे, म्हणजे जावई आणि भांडी करपवणारा, तेव्हा हे अनुभवाने सांगतो.

मामा जन्मभर कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्त झाले, मामी गेल्या, मुलगा बंगळुरूला गेला, आणि एव्हरशाईन सिटीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आरोपी म्हणून लोकांचे टोप, कढया आणि कुकर हजर होऊ लागले. गॅलरीत कुणी भिजत पडलेलं, कुणी उन्हात उपडं घातलेलं. तारेच्या काथ्याला घरात मज्जाव. "ती थर्ड डिग्री झाली. आपल्याकडे चालत नाही." त्यांची रीत वेगळी. टोपात पाणी, मीठ आणि चिंचेचा कोळ घालून मंद उकळी आणायची, वर झाकण ठेवायचं आणि त्याला विचार करायला एकटं सोडायचं. तोवर आणणाऱ्याने समोर बसून चहा प्यायचा आणि मामांच्या कोर्टातल्या गोष्टी ऐकायच्या. मग चांदीप गावातल्या एका शेतकऱ्याकडून आणलेली चुलीतली राख नारळाच्या शेंडीवर घेऊन, लहान मुलाची पाठ चोळावी तसं गोल गोल चोळायचं. पण त्याआधी जबानी. एकदा नाताळच्या तोंडावर वसईगावातल्या एक बाई गूळखोबऱ्याची मिठाई तळाला बसलेला टोप घेऊन आल्या. मामांनी नुसता वास घेतला.

"गूळ घातल्यावर ढवळणं थांबलं. का?"

"जावेशी भांडत होते, अंकल."

"मग टोपाचा दोष नाही," असं म्हणून मामांनी टोप जागीच निर्दोष ठरवला.

माझा खटला मात्र गंभीर होता. बायकोने बाहेर जाताना दुधाकडे लक्ष ठेवायला सांगितलं होतं, आणि मी ते ठेवलंही, फक्त हॉलमधून. दुधात साखर टाकून आलो होतो आणि घरच्या घरी बासुंदी करणं किती सोपं असतं, हे मी मित्राला फोनवर समजावत होतो. टोप सासूबाईंचा, काठावर त्यांचं नाव कोरलेला. तळाचा कोळसा सुरीने निघेना, तेव्हा पिशवीत घालून आमच्या चंदनसारहून रिक्षाने मामांकडे निघालो. वाटेत रिक्षावाला दोनदा थांबून खाली वाकला. "साहेब, काहीतरी जळतंय. माझी गाडी तर नाय ना?"

मामांनी टोपात नाक घातलं. "दूध. साखर पडलेली. आणि जावईबापू, आपण फोनवर होता."

"हो."

"बासुंदी?"

"बोलण्यापुरती."

मग त्यांना सुरीचा ओरखडा दिसला, आणि त्यांनी माझ्यासाठी ठेवलेलं चहाचं आधण गॅसवरून उतरवलं. संध्याकाळी टोप आरशासारखा झाला. सासूबाईंच्या नावावरून बोट फिरवत मामा म्हणाले, "ताईच्या लग्नात हे मीच कोरून आणलं होतं." पुढे मला पुन्हा चहा मिळाला, म्हणजे जामीन झाला असावा.

अलीकडे मात्र मामांचं कोर्ट ओस पडलं. घरोघरी न चिकटणारे तवे आले, उरलेल्यांना मोबाईलवर उपाय सापडू लागले. गॅलरीत आता नुसती एक कुंडी. फोन केला तर मामा "ठीक" म्हणतात आणि ठेवून देतात. जेवायला बोलवा, तर "उगाच कशाला". आम्ही भेटायला गेलो, तर पंख्याकडे बघत बसले. रिकाम्या हाताने आलेल्या माणसाशी काय बोलायचं, हे त्यांना कधी ठाऊकच नव्हतं.

म्हणून गेल्या रविवारी मी तोच टोप गॅसवर चढवला, दूध ओतलं, फोन कानाला लावला आणि हॉलमध्ये फेऱ्या मारू लागलो. फोनवर कुणी नव्हतं. इतकी वर्षं न ठरवता जमलेली गोष्ट ठरवून करायला गेलो, तर जमेना. सारखं लक्ष दुधाकडेच. शेवटी स्वयंपाकघरात डोकावलो, तर ओट्यापाशी बायको उभी. टोप, मी आणि कानाला लावलेला फोन, असं तिने तिघांकडे पाहिलं. मी काही बोलणार, तोच तिने डब्यातून मूठभर तांदूळ काढून दुधात टाकले, वर साखर टाकली आणि गॅस मोठा केला.

"नुसतं दूध नेऊ नकोस," ती म्हणाली. "त्यांचा चहा व्हायच्या आत निघेल. हे संध्याकाळपर्यंत पुरेल."