अर्धा कोयता

ऊसतोडीत एकट्या माणसाला कोयता म्हणत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, ट्रक दोघं भरतात. आमच्या शिरूर कासारकडं हंगामाआधी पोरांची लग्नं उरकतात ती याचसाठी.

माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या हंगामात त्याच्या छातीत दुखायचं. तो कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, पडून असायचा. तोडणं, बांधणं, फळीवरून मोळी डोक्यावर घेऊन ट्रकात चढणं, सगळं मीच केलं. टोळीत आमचा कोयता पूर्णच धरला. हंगाम संपायच्या आत तो गेला.

त्याच वर्षी पाऊस पडला नाही. विहिरीत गाळ राहिला. दसऱ्याला मुकादम सहकारी कारखान्यासाठी टोळी जमवायला पारावर बसला. मी जाऊन म्हटलं, येते.

"वहिनी, जोडीला कोन?"

"एकटी."

"मग कोयता कसा व्हईल?"

"मागल्या साली कसा झाला? त्ये तर कोपीत पडून व्हते."

"पडून का हुईना, व्हते ना!"

पारावरचे गडी हसले.

मी म्हटलं, "शेजारच्या सुनंचाबी नवरा मेलाय. आमी दोघी मिळून एक कोयता."

"दोन बायांचा कोयता? उद्या दोन बैलांचं दूध काढा म्हनाल!"

"दूध कोन मागतंय? ऊस तोडते म्हनते."

मग तो हसायचा थांबला. "तुमचं काम मला ठावं हाय, वहिनी. कामात खोट न्हाई. जोडी न्हाई."

टोळी घेऊन ट्रक गेले. शेजारची सून माहेरी गेली. गावात म्हातारे उरले आणि मी. टँकरवर एक म्हातारी म्हणाली, "तू कावून मागं राहिलीस गं? हातपाय तर धड हायेत." मी घागर उचलून घरी आले.

पुढं सरकारनं दुष्काळी काम काढलं, खडी फोडायचं. नावं लावणाऱ्यानं विचारलं, "एकटीच?" म्हटलं, एकटीच. त्याला काही अडचण नव्हती. तिथं मी पूर्ण भरले.

नवरा धड होता तेव्हा उसाच्या फडात मोळ्या बांधताना मी त्याला शिव्या द्यायची. तो ऐकून घ्यायचा, कधी उलट द्यायचा. खडीवर धुळीपायी सगळ्या बायांची तोंडं पदरानं बांधलेली. संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडातून शब्द निघालेला नसायचा. माझी खडी मात्र मापाला कधी कमी पडली नाही.