मानाच्या पंगतीचं कोडं

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत आमच्या घाटंजीकडची निम्मी पोरं यवतमाळच्या स्पर्धा परीक्षांच्या क्लासात बसून नसलेल्या माणसांना रांगेत बसवत होती. आठ जण उत्तरेकडे तोंड करून बसलेत, अमक्याच्या डावीकडे तमका, तर टोकाला कोण? मी यात पटाईत होतो. बाबांचं मात्र डोकं फिरायचं. "कोन कुठं बसलं, हे शिकाले एवढ्या दूर कायले जातं?" ताईचं लग्न झालं की क्लास सोडून वावरात यायचं, असा त्यांचा हुकूम होता. मला वावराचा मनापासून कंटाळा होता.

म्हणून ताईच्या लग्नातली मानाची पंगत बसवायचं काम मी मागून घेतलं. पंगत सुरळीत पार पडली तर क्लास चालू, असं बाबांकडून वदवूनही घेतलं. अडचण एकच होती. बाबांचे दोन चुलतभाऊ शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडले होते, तेव्हापासून अबोला. शेजारी बसले तर ठिणगी पडणार, एखादा पानावरून उठणार आणि वरपक्षासमोर आमची शोभा होणार. मी अंगणात कोळशाने रांग आखली. व्याही मधोमध, दोन काका दोन टोकांना. इतकं सोपं कोडं आमच्या सरांनी पहिल्या दिवशीही घातलं नसतं.

ऐन वेळी बसायची लांबलचक पट्टी मांडवात मावेना. वाढणाऱ्या पोरांनी कोणाला न विचारता ती मधोमध वळवली आणि दोन्ही टोकं समोरासमोर आणली. दोन्ही काका बसले, वर पाहिलं, आणि मी बुंदीची परात घेऊन जागीच थिजलो. पुस्तकातली माणसं सगळी उत्तरेकडे बघतात. जेवणारी समोर बघतात, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

व्याही नेमके वळणावर, दोघांकडे बघत बसलेले. आधी उठेल त्याच्याच माथी दोष येणार, म्हणून दोघंही मान खाली घालून जेवू लागले. थोड्या वेळाने थोरले काका मला म्हणाले, "समोर बुंदी नाई पोचली."

धाकटेही मलाच म्हणाले, "त्यायले सांग, मले शुगर हाये."

"कवापासून?" थोरल्यांनी विचारलं. या वेळी मला नाही.

"झाले दोन सालं."

"मले कोनी सांगतलं नाई."

मी परात घेऊन तिथून सटकलो.

पंगत उठल्यावर बाबांनी मला मांडवाच्या खांबाशी गाठलं. "गणित चुकलं तुह्यं."

"आमच्या परीक्षेत गणित कोनी पाह्यत नाई, बाबा. नुसतं उत्तर पाह्यतेत."

पलीकडे दोघं काका एकाच बाजेवर बसून एका डबीतली तंबाखू मळत होते. बाबांनी तिकडे पाहिलं. मग डोळे पुसताना मला दिसू नये म्हणून खांबाची दोरी आवळायला वळले.

"जाय मंग सोमवारी क्लासले," ते म्हणाले. "पन कसं जमलं, ते सरायले सांगू नको."